पुराच्या पुढचे कथानक आधी आखून घ्यावे की लिहीत जावे?

मुठाकाठ:

नमस्कार. गेल्या काही काळापासून मी एक कादंबरी लिहीत आहे. तिचा काळ १९५९ ते १९६४ असा असून ती पुण्यात, शनिवार पेठेत नदीच्या अंगाला असलेल्या एका काल्पनिक वाड्यात घडते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे आणि पाठोपाठ खडकवासल्याचे धरण फुटून शहरात जो पूर आला, तो कादंबरीच्या साधारण मध्यावर येतो. वाड्याच्या मालकीण गोदूआत्या, छापखान्यात खिळे जुळवणारे दामले, शाळेत शिकवणारी त्यांची मुलगी नलू आणि सरकारी कचेरीतला तरुण कारकून विश्वनाथ ही यातली मुख्य माणसे आहेत. बाकी बिऱ्हाडे येतात-जातात.

पुरापर्यंतचा भाग मी कोणताही आराखडा न करता, सुचेल तसा लिहिला आणि तो फारसा कुठे अडला नाही. पुराच्या सकाळी गोदूआत्या दिव्यांच्या अवसेसाठी माळ्यावरच्या समया काढून घासत बसल्या आहेत, हे मला सर्वांत आवडते दृश्यही ऐन वेळी सुचलेले आहे. पुराचे प्रकरण लिहिता लिहिताच आणखी एक गोष्ट सुचली. धरणाला धोका असल्याची कुणकुण विश्वनाथला आदल्या रात्री कचेरीत लागलेली असते आणि तरीही तो वाड्यात कोणाला काही सांगत नाही.

अडचण यानंतरची आहे. पुरात वाडा गेला आणि माणसे पांगली. आत्या सदाशिव पेठेत भाच्याकडे राहायला गेल्या, दामले कुटुंब पूरग्रस्तांच्या वसाहतीत निसेन हटमध्ये, म्हणजे पत्र्याच्या अर्धगोल घरात, गेले आणि विश्वनाथ बदली मागून मुंबईला निघाला. उत्तरार्धाची तीन प्रकरणे लिहून झाली असली, तरी ती तीन वेगवेगळ्या कादंबऱ्यांतली वाटतात. लिहिणाऱ्या एका मित्राचे म्हणणे असे की, आता हात थांबवावा, शेवटापर्यंतचा प्रकरणवार आराखडा करावा आणि मगच पुढे जावे. दुसऱ्या एका अनुभवी लेखिकेच्या मते आराखडा केला की लिहिण्यातली उत्सुकता संपते आणि उरते ती हमाली. ज्यांनी दीर्घ लेखन पूर्ण केले आहे, किंवा इतरांचे जवळून पाहिले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

टाकबोरू:

आपल्या मित्राच्या बाजूने मी बोलणार आहे, मात्र प्रकरणवार आराखडा याचा जो अर्थ सामान्यतः घेतला जातो, तो मला मान्य नाही. प्रत्येक प्रकरणात काय घडणार याची यादी करून ठेवली, तर ती तिसऱ्याच प्रकरणात मोडते आणि मग लेखक एकतर यादीला चिकटून बसतो किंवा वैतागून ती फाडून टाकतो. चार्ल्स डिकन्सचे उदाहरण या बाबतीत पाहण्यासारखे आहे. त्यांच्या मोठ्या कादंबऱ्या दरमहा ३२ पानांच्या अंकांतून प्रसिद्ध होत असत आणि एकदा छापून गेलेला अंक मागे घेता येत नसे. ‘पिकविक पेपर्स’ त्यांनी पुढचे फारसे न ठरवता सुरू केली होती, पण १८४६ साली सुरू झालेल्या ‘डॉम्बी अँड सन’पासून ते प्रत्येक अंकासाठी एक कागद नियमाने आखून घेऊ लागले. त्या कागदाच्या उजव्या बाजूला अंकातली प्रकरणे आणि त्यांतले मुद्दे असत. डावी बाजू अधिक बोलकी आहे. तिथे त्यांनी स्वतःलाच प्रश्न विचारलेले आहेत: अमुक पात्र या अंकात आणावे का, तमुक गोष्ट आताच उघड करावी का? पुढे उत्तर लिहिलेले असते, ‘होय’, ‘नाही’ किंवा ‘एवढ्यात नको’. आराखड्याचा खरा उपयोग त्या डाव्या बाजूला होतो, असे मला वाटते.

आपल्या कादंबरीला अशा कागदाची गरज इतरांपेक्षा जास्त आहे, कारण तिच्यात एक गुपित आहे. विश्वनाथला ११ जुलैच्या रात्री नेमके काय कळले, कोणाकडून कळले, आणि त्यातले किती त्याने खरे मानले, हे आपणास पक्के माहीत असायला हवे. त्या रात्री धरणावर जवान वाळूची पोती रचत होते, ही आज सर्वज्ञात असलेली गोष्ट तेव्हा पुण्यात कोणाला ठाऊक होती आणि कोणाला नव्हती, यावर त्याचा अपराध किती मोठा हे ठरते. माझी सूचना अशी की, एका मोठ्या कागदावर आडव्या ओळीत माणसे आणि उभ्या ओळीत तारखा घालाव्यात आणि प्रत्येक चौकटीत त्या तारखेला त्या माणसाला काय माहीत आहे एवढेच लिहावे. काय करणार, हे लिहू नये.

तारखांवरून एक गोष्ट लक्षात आणून देतो. १२ जुलै १९६१ हा बुधवार होता आणि त्या दिवशी अमावास्याही होती, पण ती ज्येष्ठाची. त्या वर्षी अधिक ज्येष्ठ आल्यामुळे पुढचे सगळे सण लांबले होते. पालख्या पुण्यातून पुढे गेल्या होत्या, आषाढी एकादशी अजून व्हायची होती आणि दिव्यांची अवस पुरानंतर महिनाभराने, ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आली. म्हणजे आत्या त्या सकाळी समया घासत बसलेल्या असणार नाहीत. परंतु हे दृश्य काढून टाकण्याची घाई करू नये. महिनाभराने, भाच्याच्या घरी, दिव्यांची अवस आली आहे आणि वाड्यातल्या सगळ्या समया वाहून गेल्या आहेत. त्या दिवशी आत्या काय करतात? पंचांग उघडून बसल्याशिवाय हा प्रसंग आपल्या हाती आला नसता.

पाटीपेन्सिल:

टाकबोरू यांचा पंचांगाचा मुद्दा निर्विवाद आहे आणि तो प्रसंग आपण जरूर लिहावा. मात्र पंचांग पाहणे वेगळे आणि कथानक आखणे वेगळे, ही सरमिसळ मला खटकते. ऐतिहासिक घटनेवर लिहिणाऱ्याला तारखा, वार, पूल, पेठा, पाण्याची पातळी हे सगळे अचूक ठेवावेच लागते आणि त्याबद्दल कोणाचे दुमत असण्याचे कारण नाही. वाद आहे तो माणसांच्या निर्णयांबद्दल. नलूला विश्वनाथचे गुपित कळणार, ती त्याच्याशी संबंध तोडणार आणि शेवटी त्याला क्षमा करणार, असे एकदा कागदावर उतरले की मधल्या प्रत्येक प्रकरणात ती क्षमेच्या दिशेने चालू लागते. ती मुलगी दुसरे काही करू शकली असती, ही शक्यता लेखकाच्या मनातून जाते आणि वाचकाला ते दोन पानांत जाणवते.

दस्तयेव्हस्कींनी ‘द इडियट’ लिहिताना डिसेंबर १८६७ मध्ये तोवरचा मजकूर बाजूला सारून नव्याने सुरुवात केली, आणि १८६८ च्या जानेवारीपासून ती ‘रशियन मेसेंजर’ मासिकात क्रमशः छापून येऊ लागली, तेव्हा पुढच्या भागांत काय होणार हे त्यांचे त्यांनाच स्पष्ट नव्हते. त्यांच्या टिपणवह्यांत आराखड्यांची मुळीच वाण नाही, पण ते एकामागून एक केलेले आणि एकामागून एक टाकलेले आराखडे आहेत. आपल्याकडे ‘कोसला’चे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. ती पंधरवड्याच्या आसपास एकटाकी लिहून झाली असे सांगितले जाते, आणि तिचा वेग वाचतानाही जाणवतो. प्रकरणवार तक्ता समोर ठेवून तिचा निवेदक पांडुरंग सांगवीकर याचे ते बोलणे कोणाला लिहिता आले असते, असे मला वाटत नाही.

आपण स्वतः लिहिले आहे की, विश्वनाथचे गुपित पुराचे प्रकरण लिहिता लिहिता सुचले. कादंबरीतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट जर न आखता सापडली, तर उत्तरार्धात तशी गोष्ट सापडण्याचा मार्ग आताच बंद का करायचा? माझे सांगणे असे की, उत्तरार्धाची ती तीन प्रकरणे बाजूला ठेवावीत आणि आपणास ज्या प्रसंगाची सर्वांत जास्त धास्ती वाटते, तो आधी लिहावा. माझ्या अंदाजाने तो नलू आणि विश्वनाथ यांच्या भेटीचा असेल. तो कितव्या प्रकरणात येणार हे ठरवण्याची आज गरज नाही. नाबोकोव्ह आपल्या कादंबऱ्या छोट्या कार्डांवर, क्रम न पाळता लिहीत आणि मग ती कार्डे लावत. तो प्रसंग लिहून झाल्यावर ही दोन माणसे एकमेकांशी कशी वागतात हे आपणास कळेल आणि ते कोणत्याही तक्त्यात लिहिलेले नसेल.

मुद्रणप्रत:

हस्तलिखिते वाचणे आणि त्यांचे संपादन करणे हे माझे रोजचे काम असल्यामुळे थोडे वेगळ्या बाजूने लिहितो.

आखून लिहिलेली आणि न आखता लिहिलेली कादंबरी वाचताना बहुधा ओळखू येते, पण ती दोषांवरून. आखलेल्या हस्तलिखितात माणसे एकमेकांना माहिती पुरवण्यासाठी भेटतात. चहा येतो, कप खाली ठेवला जातो, आणि ज्या बातमीवाचून पुढचे प्रकरण सुरू होऊ शकत नाही ती बातमी कोणीतरी सांगून टाकतो. न आखलेल्या हस्तलिखितात दोन-अडीचशे पानांनंतर एखादा नवा मामा किंवा नवी शेजारीण दाखल होते, कारण जुन्या माणसांचे पुढे काय करायचे हे लेखकाला सुचलेले नसते. अशा नव्या माणसाची ओळख नेहमी फार प्रेमाने आणि फार लांबलचक करून दिलेली असते. दोन्ही दोष दुरुस्त होण्यासारखे आहेत. दुसऱ्यात मेहनत अधिक पडते, पण हाताशी जिवंत मजकूर असतो. पहिल्यात पुष्कळदा दुरुस्त करण्यासारखे काही उरलेलेच नसते. म्हणून निवड करण्याची वेळ आली, तर मी पाटीपेन्सिल यांच्या बाजूला अर्धे पाऊल जास्त सरकेन.

परंतु आपल्या प्रश्नातले एक विधान मला तपासून पाहावेसे वाटते. पूर्वार्ध आराखड्याशिवाय लिहिला असे आपण म्हणता. माझ्या मते पूर्वार्धाला आराखडा होता आणि तो म्हणजे वाडा. एक नळ, एक चौक, एक जिना, भाड्याची एक तारीख, आणि कोण किती वाजता घरी आले हे सर्वांना दिसेल असा एक दिंडीदरवाजा. अशा जागेत माणसे ठेवली की ती एकमेकांच्या वाटेत आल्यावाचून राहत नाहीत, आणि लेखकाला त्यांच्या भेटी घडवून आणाव्या लागत नाहीत. ‘कोसला’त हेच काम निवेदकाचा आवाज करतो. पांडुरंग बोलत राहिला की कादंबरी चालू राहते, त्यामुळे तिला तक्ता लागला नाही यावरून आपल्या कादंबरीलाही लागणार नाही, असे म्हणता येत नाही. डिकन्सच्या बाबतीत ३२ पानांच्या अंकाची चौकट होती. आपल्याकडे हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः येत होती, तिथे आठवड्याची चौकट होती आणि शिवाय एका मुलीच्या आयुष्याचा सरळ ओघ होता. हरिभाऊंच्या काही कादंबऱ्या अपूर्ण राहिल्या, हेही अशा लेखनपद्धतीचा विचार करताना विसरून चालत नाही.

आपला वाडा पुरात गेला आणि त्याच्याबरोबर कादंबरीला धरून ठेवणारी गोष्टही गेली. तीन प्रकरणे तीन कादंबऱ्यांतली वाटतात याचे कारण तेच असावे. तेव्हा शेवटापर्यंत काय काय घडेल हे ठरवण्याआधी, पांगलेल्या माणसांना पुन्हा पुन्हा एकमेकांसमोर यायला लावणारी अशी कोणती गोष्ट उत्तरार्धात आहे, याचा शोध घ्यावा. त्या काळात अशी एक गोष्ट आयतीच आहे. धरण कसे फुटले याच्या तपासासाठी सरकारने चौकशी आयोग नेमला होता. न्यायमूर्ती बावडेकर यांच्याकडे ते काम होते आणि त्यांच्या निधनानंतर ते न्यायमूर्ती नाईक यांच्याकडे गेले. विश्वनाथच्या दृष्टीने याचा अर्थ काय होतो ते पाहावे. साक्षीला बोलावणे येईल या भीतीने तो मुंबईला जातो, मग काम थांबल्याची बातमी येते आणि तो सुटल्यासारखा होतो, आणि नंतर नव्या अध्यक्षांसमोर सगळे पुन्हा सुरू होते. दामल्यांना आपल्या नुकसानीचे कागद करायचे आहेत, आत्यांना जागेचा निकाल हवा आहे, त्यामुळे या ना त्या कारणाने सर्वांची पावले कचेऱ्यांकडे वळणारच. आपला विश्वनाथ काल्पनिक आहे आणि त्याची कचेरीही काल्पनिकच ठेवावी, पण आयोगाचा कालक्रम खरा ठेवावा.

तक्त्यापेक्षा मला उलटा आराखडा अधिक उपयोगी वाटतो, म्हणजे लिहून झालेल्या भागाचा. पूर्वार्धाच्या प्रत्येक प्रकरणासाठी वहीत दोन ओळी लिहाव्यात. या प्रकरणात कोणाला काय हवे होते, आणि शेवटी कोणाला नवीन काय कळले? जिथे दुसरी ओळ रिकामी राहते, तिथे विश्वनाथच्या गुपिताची पूर्वतयारी घालायला जागा आहे. गुपित आपणास उशिरा सुचले असल्यामुळे पूर्वार्धात त्याची एकही खूण नसणार, आणि त्या खुणा न पेरता उत्तरार्ध कितीही उत्तम लिहिला, तरी तो वाचकाला चिकटवल्यासारखा वाटेल.

मुठाकाठ:

सर्वांचे मनापासून आभार. वाडा हाच आराखडा होता, हे वाचल्यावर उत्तरार्धातली पहिली दोन प्रकरणे पुन्हा वाचली. त्यांत एकही माणूस दुसऱ्या कोणाच्या वाटेत येत नाही, प्रत्येक जण आपापल्या खोलीत बसून वाड्याची आठवण काढतो. आयोगाच्या कालक्रमाचे टिपण काढायला घेतले आहे. समयांचा प्रसंग ऑगस्टमध्ये नेत आहे. पुराच्या सकाळी आत्यांना काय काम द्यावे, ते अजून सुचलेले नाही.

एक गोष्ट मात्र कोणाच्याच उत्तरातून सुटत नाही. विश्वनाथला आधी माहीत होते हे वाचकाला केव्हा कळावे? पूर्वार्ध त्रयस्थ निवेदनात असला, तरी तो बऱ्याच अंशी नलूच्या नजरेतून जातो, त्यामुळे ती अनभिज्ञ असेतोवर वाचकही अनभिज्ञ राहू शकतो. हे लिहिता लिहिता ठरू द्यावे का?

पाटीपेन्सिल:

नाही. न आखता लिहिण्याचा माझा आग्रह असला, तरी हा एक निर्णय आधी घ्यावाच लागेल, कारण त्यावर प्रत्येक वाक्याचा सूर अवलंबून आहे. वाचकाला पुराच्या प्रकरणातच कळले, तर पुढे विश्वनाथ आत्यांना मनीऑर्डर पाठवतो, दामल्यांसाठी कचेरीत खेटे घालतो, त्या प्रत्येक वेळी वाचक त्याच्याकडे संशयाने आणि काहीशा करुणेने पाहत राहील. शेवटी कळले, तर तीच कृत्ये आधी चांगुलपणाची वाटतील आणि मागाहून त्यांचा अर्थ उलटेल. दुसऱ्या पद्धतीत एक धक्का मिळतो. पहिलीत दोनशे पानांचा ताण मिळतो, आणि आयोगाचे प्रकरण आणणार असाल तर तो ताण आपणास हवाच आहे. मी असतो तर पहिलीच निवडली असती.

टाकबोरू:

या निष्कर्षाशी मी सहमत आहे, पण तिसरी शक्यता तपासल्यावाचून निर्णय घेऊ नये. वाचकाला पुराच्या प्रकरणात फक्त एवढेच दिसू द्यावे की, विश्वनाथ त्या रात्री उशिरा परतला, चौकात बराच वेळ उभा राहिला, आत्यांच्या दारापर्यंत गेला आणि कडी न वाजवता वर निघून गेला. नलूने हे जिन्यातून पाहिले. तिला तेव्हा त्याचा अर्थ दुसराच वाटला. म्हणजे जे काही घडले ते वाचकाच्या आणि नलूच्या डोळ्यांसमोर घडले आणि दोघांनाही ते कळले नाही. यासाठी पूर्वार्धात फार मोडतोडही करावी लागणार नाही, कारण जिना, चौक आणि आत्यांचे दार आपण आधीच बांधून ठेवलेले आहे. नलूला तो अर्थ कोणत्या तारखेला उमगला, ती चौकट मात्र तक्त्यात पेन्सिलीने भरावी.